जपानी-इंग्लिश डिक्शनरीत कुठली नावं घ्यायची, कुठली सोडायची

जपानी शिकणारे, ट्रान्सलेशन करणारे बरेच जण स्वतःची ग्लॉसरी बनवत असतात, काही जण ऑनलाइन डिक्शनरीत एंट्र्या पण सुचवतात, आणि सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते, विशेषनामांचं करायचं काय. तोक्यो घेतलं तर ओसाका का नको, ओसाका घेतलं तर ओदा नोबुनागा (१६ व्या शतकातला सरदार) का नको, मग अमक्या स्टेशनचं नाव का नको... एकदा सुरू झालं की संपत नाही. बहुतेक लोक "फेमस असेल तर घ्या" असं ठरवून मोकळे होतात आणि माझ्या मते हाच सगळ्यात बेकार नियम आहे. कोण किती फेमस हे बघायला विकिपीडिया आहे ना.

आधी जपानीतला मुळातला घोळ बघा. कॅपिटल अक्षर नाही, शब्दांच्या मधे जागा नाही, त्यामुळे समोर आलेलं नाव आहे की साधा शब्द हे नवख्याला कळतच नाही. 'मोरी' म्हणजे जंगल (आपली मोरी नव्हे!) आणि मोरी हे अगदी कॉमन आडनाव पण, दोन्ही एकाच कांजीत (कांजी म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं). आता "मोरी म्हणाले" असं वाक्य आलं तर जंगल बोलायला लागतं. म्हणजे नावं कुठेतरी हवीतच. पण सगळी मेन डिक्शनरीत कोंबली तर उलटा त्रास. 'हारुका' शोधा, तुम्हाला हवा असतो 'खूप दूर' वाला शब्द, आणि समोर येते मुलींच्या नावांची रांग, कारण हेच नाव कितीतरी वेगवेगळ्या कांजींनी लिहितात.

म्हणून नावांची फाइल वेगळी ठेवायची, हा पहिला निर्णय, याच्यावर फार वाद घालू नका. १९९१ पासून चालू असलेल्या जिम ब्रीन यांच्या जपानी-इंग्लिश डिक्शनरी प्रोजेक्टमध्ये हेच केलंय, शब्द जेएमडिक्टमध्ये आणि नावं जेएमनेडिक्टमध्ये, त्या नावांच्या फाइलमध्ये ७ लाखांहून जास्त एंट्र्या आहेत. आडनाव, मुलीचं नाव, मुलाचं नाव, गाव, स्टेशन, कंपनी असे टॅग लावलेत. तुमची ग्लॉसरी छोटी असली तरी दोन शीट करा.

मग खरा प्रश्न राहतो की कुठल्या नावाला मेन डिक्शनरीत बढती द्यायची. माझी पहिली टेस्ट पानिपतची. "या इलेक्शनला त्यांचं पानिपत झालं" हे वाक्य ज्याला फक्त 'हरियाणातलं एक शहर' एवढंच माहिती आहे त्याला समजेल का? नाही ना. म्हणजे पानिपत इथे शब्दाचं काम करतंय. जपानीत असंच तेन्नोझान. क्योतोजवळची छोटीशी टेकडी, १५८२ मध्ये हिदेयोशी या सरदाराने मित्सुहिदे या दुसऱ्या सरदाराला हरवलं ती लढाई तिथलीच, आणि आज बेसबॉलच्या बातम्यांत "आजची मॅच म्हणजे तेन्नोझान" असं लिहितात, म्हणजे इथेच काय तो निकाल लागणार. टेकडी म्हणून ती नावांच्या फाइलमध्ये जाईल, पण 'निर्णायक टप्पा' हा अर्थ मेन डिक्शनरीत हवाच हवा. सेकिगाहारा (१६०० ची लढाई) पण तसंच. फुजी पर्वत याच्यापेक्षा हजारपट फेमस आहे, पण ३,७७६ मीटरचा डोंगर एवढाच अर्थ असेल तर तो या टेस्टमध्ये नापास! 'फुजीबिताई' मात्र पास, कपाळावर मधोमध केसांचं टोक येतं ना, त्याला म्हणतात, आणि त्यासाठी इंग्लिशमध्ये वेगळाच शब्द आहे.

सरकारी बातम्या वाचणाऱ्यांना कासुमिगासेकी आणि नागाताचो सारखे लागतात. दोन्ही तोक्योतले भाग, पण "कासुमिगासेकी तयार नाही" म्हणजे सरकारी बाबू तयार नाहीत, आणि नागाताचो म्हणजे राजकारणी मंडळी. इथे एंट्रीत दोन अर्थ वेगळे नंबर देऊन लिहायचे, जागा आधी, लाक्षणिक नंतर. माणसांच्या नावांतून आलेले शब्द तर सरळ घ्यायचे, बेंकेई हा १२ व्या शतकातला धिप्पाड योद्धा-भिक्षू, 'उचिबेंकेई' म्हणजे घरात वाघ बाहेर शेळी. आणि देवांचं बघा, 'इदातेन' म्हणजे आपला स्कंद, कार्तिकेय, चीनमार्गे तिकडे पोचलेला, आता तिकडे जोरात पळणाऱ्याला इदातेन म्हणतात. 'एन्मा' म्हणजे यम, आणि 'एन्माचो', यमाची वही, म्हणजे मास्तरांची मार्कांची वही :)

दुसरी टेस्ट, नुसतं वाचून इंग्लिश नाव सुचतं का. योकोहामा कुणालाही सुचतं. पण ओरांदा म्हणजे नेदरलँड्स, दोइत्सु म्हणजे जर्मनी हे कसं सुचणार? चिनी नावं तर अजून भारी, जपानी लोक त्या कांजी आपल्या पद्धतीने वाचतात, त्यामुळे 'मो ताकुतो' म्हणजे माओ आणि 'कोशी' म्हणजे कन्फ्युशियस. देशांची नावं आणि कन्फ्युशियससारखे मी डोळे मिटून मेनमध्ये घेतो, बाकीचे चिनी लोक नावांच्या फाइलमध्ये, पण इंग्लिश रूप लिहायचंच.

गावांच्या बाबतीत रीडिंग (कांजीचा उच्चार) तपासल्याशिवाय एंट्री करूच नका. 'तीन' आणि 'भातशेत' या दोन कांजींचं तोक्योतलं मिता आणि ह्योगो प्रांतातलं सांदा, लिहायला एकच. म्हणजे दोन एंट्र्या, प्रत्येकीत कुठलं ते लिहून.

ब्रँडचं मात्र बघून. 'ताक्क्युबिन' हा यामातो कंपनीचा ट्रेडमार्क, पण लोक कुठल्याही कुरियरला तेच म्हणतात, सो ट्रेडमार्क अशी नोंद करून घ्यायचा आणि शेजारी जनरल शब्द 'ताकुहाइबिन' ची लिंक द्यायची. 'होच्चिकिसु', म्हणजे स्टेपलर, मूळ कंपनीचं नाव पण आता कुणाला पत्ता पण नाही, तो साधा शब्दच. कालच लाँच झालेलं अॅप? नको. त्याचं क्रियापद बनून पेपरात यायला लागलं की बघू.

जिवंत माणसं मेनमध्ये नकोतच. कोजिएनसारखा जाडजूड जपानी कोश पण हयात जपानी माणसांना घेत नाही, आणि आपण का ते अपडेट करत बसायचं, मंत्री बदलला की एंट्री बदला.

आणि अडलंच तर नाव सध्या नावांच्या फाइलमध्ये टाका, कुठे वाचलं ते वाक्य बाजूच्या कॉलममध्ये चिकटवून ठेवा. वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली तीन-चार वाक्यं जमली, ज्यात ते नाव काढून तिथे अर्थ टाकला तरी वाक्य नीट चालतंय, की हलवा मेनमध्ये.