नंबर लागेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं की बंद?

कोल्हापूरजवळच्या वडणग्यात आमचे घरचे दोन ट्रॅक्टर आहेत. एक ५० एचपीचा, दुसरा थोरला, टर्बोवाला, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा असलेला. चालवतात माझे दीर आणि एक ड्रायव्हर. डिझेलची वही मात्र माझ्याकडे. हंगामात ऊस भरून गेलेला ट्रॅक्टर कारखान्याच्या तळावर कधी चार तास, कधी आठ तास उभा असतो आणि तेवढा वेळ इंजिन घरघरत असतं. विचारलं की दिरांचं ठरलेलं उत्तर, "वहिनी, सारखं बंद-चालू केलं तर सेल्फ जातोय." सेल्फ म्हणजे इंजिन उठवणारी मोटर.

शेवटी मी मापूनच बघितलं. अंगणात लहान ट्रॅक्टरची टाकी गळ्यापर्यंत भरली, रेस न देता दोन तास नुसता चालू ठेवला आणि मापाच्या कॅननं टाकी परत तेवढीच भरली. पावणेदोन लिटर गेलं होतं. सहा तास नंबरला थांबलं तर पाच लिटर धुरात. १०० खेपांचे ५०० लिटर, लिटरला ९० रुपये धरले तर ४५,००० रुपये. तुम्हीही आपल्या गाडीचं असं मापून घ्या, दुसऱ्याच्या आकड्यावर जाऊ नका.

पैशापेक्षा इंजिनाचं नुकसान मला जास्त लागलं. उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून माझ्यासमोर धरली. ऑइलला डिझेलचा वास, आणि पातळी कमी व्हायची ती उलट वर चढलेली. बिनलोडचं इंजिन पुरतं तापत नाही. डिझेल अर्धवट जळतं, थोडं लायनरवरून (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून) उतरून ऑइलमध्ये मिसळतं, काजळी डिझेल फवारणाऱ्या नोझलवर बसते. पातळ ऑइलवर इंजिन झिजतं. तेव्हापासून दर आठवड्याला मी स्वतः डिपस्टिक काढून वास घेते.

आता आमच्या घरचा नियम असा आहे. पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद. रांग दर दोन मिनिटांनी सरकत असेल तर चालू राहू दे. नाहीतर पुढं चार-पाच गाड्यांची जागा होऊ द्या आणि एकदम पुढं घ्या. मागच्याला आधी सांगून ठेवा, म्हणजे मधे कोणी घुसत नाही.

टर्बोचं मात्र वेगळं. आमच्या थोरल्या ट्रॅक्टरचा टर्बो आम्ही याच चुकीनं घालवला. भरल्या ट्रॉल्या घेऊन वाघबीळचा चढ चढायचा आणि वर चहाला थांबलं की लगेच बंद करायचा, असं बरेच दिवस चाललं. इंजिन बंद झालं की टर्बोला ऑइल मिळायचं थांबतं आणि तापलेल्या शाफ्टवर उरलेलं ऑइल जळून बसतं. जोराच्या ओढीनंतर तीन ते पाच मिनिटं रेस न देता चालू ठेवा, मग बंद करा.

सेल्फचं म्हणाल तर बॅटरी धड असेल आणि टर्मिनल घासून घट्ट बसवलेले असतील, तर तापलेलं इंजिन पहिल्या झटक्याला उठतं. १० सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका. नाही उठलं तर अर्धा मिनिट थांबा. बंद केल्यावर चावी फिरवलेलीच ठेवू नका, आणि स्पीकरही बंद करा. आमच्याकडं निम्म्या वेळी इंजिन गाण्यांसाठीच चालू असायचं, आणि बंद इंजिनावर गाणी लावली की बॅटरी बसायची. कोल्हापूरची थंडी इंजिन रात्रभर चालू ठेवण्याइतकी कधीच नसते. पहाटे दोन-तीन मिनिटं गरम केलं आणि सावकाश काढलं की पुरे.

उतारावर उभं असाल तर हँडब्रेक लावा, ट्रॉलीच्या चाकाला दगड लावा, मगच बंद करा.

जेसीबी तासावर आणलाय आणि डंपर माती टाकायला गेलाय? बकेट जमिनीला टेकवून बंद करायला सांगा. मीटर इंजिनाबरोबर पळतो.

आणि तळावर तोडणी कामगारांची पालं असतात, पोरं तिथंच झोपलेली असतात. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींत घातलं. पालांजवळ पाच मिनिटांचीही सवलत घेऊ नका. टर्बो लांबच थंड करून घ्या, मग गाडी तिथं लावा.