कोड मागण्याआधी वही काढा

नागपूरच्या सक्करदऱ्यात माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंगची पिन हे रोजचं काम. पण मे महिन्यात काउंटरवर सगळ्यात जास्त खपतो तो प्ले स्टोअरचा रिडीम कोड, म्हणजे गेममध्ये खर्चायचं आधीच पैसे भरलेलं कूपन. पोट्टे दिवसभर कूलरसमोर गेम खेळतात आणि ऊन उतरलं की दहा-दहाच्या चुरगळलेल्या नोटा घेऊन येतात.

"भाऊ, शंभराचा कोड द्या ना."

"काय घेऊन राहिला बे?"

"तलवार. समोरचा लेव्हल बाराची घेऊन येते ना, दोन वारात मरून राहिलो."

मी कोड लगेच देत नाही. स्वतःचंच गिऱ्हाईक तोडता, असं बायको म्हणते. पण मी यात पोळलो आहे. किल्ल्यांच्या एका गेममध्ये दोन वर्षांत २,३४० रुपये गेले, त्यातले शेवटचे ७९९ एका सरदारासाठी. तीन आठवड्यांत अपडेट आलं, माझ्या सरदाराची ताकद कमी झाली आणि त्याच दिवशी गेमच्या दुकानात नवा सरदार लागला, ८९९ ला. आमच्या टोळीत मानेवाड्याचे अकरा जण होते, महिन्याभरात चार उरले. हरण्याचं कोणाला काही नव्हतं हो. कोणी जिंकलं की बाकीचे विचारायचे, "कितीचं घेतलं?" तिथेच सगळं बिनसलं.

तर आधी सात दिवस फुकट खेळा. एका वहीत दोन रकाने पाडा, 'माझी चूक' आणि 'त्याचा पैसा'. हरलात की लगेच एका रकान्यात रेघ मारा, रात्री आठवून नको. रात्री सगळा दोष पैशावर जातो. पहिले दोन-तीन दिवस हिशेबात धरू नका, कारण बऱ्याच गेमांत सुरुवातीला समोर माणूस नसतो, बॉट म्हणजे गेमनेच चालवलेले खेळाडू असतात आणि आपण उगाच शूर ठरतो. आठवड्याच्या शेवटी दुसरा रकाना भरलेला दिसला तर तो गेम पैसे देणाऱ्याला जिंकवणारा आहे. तिथे तुमचे शंभर रुपये पुरणार नाहीत, कारण पाचशे टाकणारा कोणीतरी बसलेलाच असतो.

मग गेमच्या दुकानात जाऊन काय विकतात ते बघा. कपडे, बंदुकीचा रंग, नाचायच्या स्टाइल असतील तर चालेल, हौसेला मोल नाही. डोटा २ मध्ये सगळे हिरो सगळ्यांना फुकट आहेत, विकतात ती सजावट. पण वाराची ताकद, चिलखत, जास्तीचा जीव विकत असतील तर मागे फिरा. मधला प्रकार वेळ विकण्याचा. बारा तासांचं बांधकाम पैसे देऊन आत्ता पूर्ण होतं. हा निरुपद्रवी वाटतो, पण ज्याचं बांधकाम आधी झालं तो लढाईतही पुढेच ना?

भाव रुपयांत काढा. रत्नं, नाणी, हिरे हा घोळ मुद्दाम असतो. ८९ रुपयांत ६० रत्नं आणि पेटी (फोडली की आतून वस्तू निघते ती) १०० रत्नांची, म्हणजे दोनदा घ्यावं लागतं आणि २० रत्नं खिशात उरतात. ती उरलेली २० च पुढच्या खरेदीला ओढतात.

पेटीत काय निघेल हे नशिबावर असेल तर शक्यता वाचा. पेटीजवळ छोटं प्रश्नचिन्ह किंवा 'आय' असतो, तिथे टक्के लिहिलेले असतात. ॲपलने डिसेंबर २०१७ पासून हे छापणं सक्तीचं केलं, नंतर गूगलनेही. आता १ टक्का म्हणजे शंभर पेट्यांत एक नक्की, असं माझ्या काउंटरवर दहातले नऊ जण सांगतात. तसं नाही बाप्पा. प्रत्येक पेटीला ९९ टक्के हुकण्याची शक्यता, असं शंभर वेळा गुणत गेलं की साधारण ३७ टक्के उरतात. म्हणजे शंभर पेट्या फोडणाऱ्या शंभर पोरांतली ३७ रिकाम्या हाताने घरी. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पैशाच्या पेट्यांना जुगार ठरवलं, ते उगाच नाही.

गेमचे जुने अपडेटही चाळा. विकलेली वस्तू विकल्यावर लगेच कमजोर केली का, आणि लोक चिडल्यावर कंपनीने काय केलं, एवढंच बघायचं. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ या गेमने डार्थ व्हेडर हे पात्र खुलं करायला ६०,००० क्रेडिट, म्हणजे गेममधली नाणी, ठेवली होती. पूर्ण पैसे देऊन गेम घेतलेले लोक भडकले, गेम काढणाऱ्या ईए कंपनीच्या खुलाशावर साडेसहा लाखांहून जास्त नापसंतीची मतं पडली. किंमत ७५ टक्के उतरवली, तरी राग गेला नाही. शेवटी बाजारात यायच्या आदल्या दिवशी गेममधली पैशाची खरेदीच बंद केली.

एवढं करूनही घ्यायचंच असेल तर घ्या, पण प्ले स्टोअरमधून कार्ड आणि यूपीआय काढून टाका आणि फक्त कोड वापरा. शंभराचा कोड शंभरावर थांबतो. प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोट मागेल अशी सेटिंग करा. बजेटची सोयही आहे, पण ती नुसती आठवण देते, अडवत नाही. 'अर्ध्या भावात टॉप-अप, फक्त आयडी-पासवर्ड दे' म्हणणारा भेटला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. दोन आयडी गेलेले मी पाहिले आहेत.

पोराने चुकून खरेदी केली असेल तर ४८ तासांच्या आत गूगलकडे रिफंड मागा. ईमेलमध्ये जीपीए ने सुरू होणारा ऑर्डर नंबर असतो, तो हाताशी ठेवा. जमलं नाही तर फोन घेऊन दुकानात या, बुधवार सोडून. त्या दिवशी बाजार असतो आणि माझ्या काउंटरवर उभं राहायलाही जागा नसते.