कॉमेडी पॉडकास्ट ऐकत ऐकत स्त्रीवादी कॉमिक्स कशी काढायची

चित्रात रंग भरताना हात कामात असतो पण कान मोकळे असतात, म्हणून आपण सगळेच काही ना काही लावून बसतो, कोणी जुनी गाणी, कोणी सिरीयल, आणि मी बायकांचे कॉमेडी पॉडकास्ट. त्यातूनच माझी स्वतःची कॉमिक्स सुरू झाली, नाहीतर लग्नपत्रिका आणि बारशाची कार्डं यातच दिवस जायचा (ती आजही करते, घर त्यावर चालतं). आता बऱ्याच मुली विचारतात की ताई, ऐकलेलं कागदावर येतं कसं. तर मी जसं करते तसंच सांगते, यातलं जे जमेल ते घ्या.

सुरुवात कुठून करायची तर माझं उत्तर ठरलेलं आहे, 'द गिल्टी फेमिनिस्ट'. डेबोरा फ्रान्सिस-व्हाइट आणि सोफी हेगन या दोन कॉमेडियननी 2015 च्या डिसेंबरमध्ये लंडनमध्ये हा पॉडकास्ट सुरू केला, पुढे डेबोराने तो चालू ठेवला, आणि बहुतेक भाग समोर प्रेक्षक बसवून रेकॉर्ड केलेले असतात. हे महत्त्वाचं आहे कारण तुम्हाला हशा ऐकू येतो, कुठे आला, किती वेळ टिकला, कुठे लोक आधी गप्प झाले आणि मग हसले. इंग्रजी भराभर वाटत असेल तर स्पीड 0.8 करा, त्यात काही कमीपणा नाही. आणि एक नियम पाळाच, पॉडकास्ट फक्त रंग भरताना, शेडिंग करताना, बॅकग्राउंडच्या विटा-फरशा काढताना. संवादाच्या फुग्यातला मजकूर लिहिताना सगळं बंद करायचं, कारण कानात एक भाषा आणि हातात दुसरी असली की वेलांट्या हमखास चुकतात.

ऐकताना शेजारी वही ठेवा. पण जोक लिहून घेऊ नका. जोक त्या बाईचा आहे, तिने तो स्टेजवर घासून घासून बनवलाय, तो तसाच उचलून चित्राखाली टाकणं म्हणजे सरळ चोरी, नाव दिलं तरी तिची परवानगी लागतेच. वहीत दोनच गोष्टी लिहायच्या, हशा कोणत्या परिस्थितीवर आला आणि हसू नेमकं कोणावर होतं. बाईवर होतं, की बाईला तिथे उभं करणाऱ्या रिवाजावर? माझं सगळं काम या दुसऱ्या प्रश्नावर उभं आहे. नवरा-बायकोचे जे फॉरवर्ड आपल्याला फॅमिली ग्रुपवर येतात त्यात बायको हीच विनोद असते, तिची शॉपिंग, तिचं वजन, तिची बडबड. तीच बायको, तोच नवरा, तेच घर घेऊन फक्त हसण्याची दिशा फिरवा आणि बघा काय होतं.

हे सगळं विलायतेतून आलंय असं कोणी म्हणालं तर त्यांना भुलाबाई आठवून द्या. आपल्या विदर्भात मुली फेर धरून जी गाणी म्हणतात त्यात एक सून माहेरी जायला निघते आणि सासू म्हणते आधी वेल लाव, मग म्हणते वेल वाढू दे, मग म्हणते कारलं लागू दे, मग भाजी कर, आणि परवानगी काही मिळत नाही. कॉमेडीत ज्याला बिल्ड-अप म्हणतात तो अजून काय असतो? आणि हसू सासूच्या सत्तेवर आहे, सुनेवर नाही. तसंच आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे, 1882 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं, ते वाचा, काय टोमणे आहेत! जे जे दोष बायकांच्या माथी मारता ते सगळे तुमच्यातच कसे आहेत हे त्या एकेक करून दाखवत जातात. त्यातला एकेक परिच्छेद घेऊन एकेक पॅनल (कॉमिकची एक चौकट) काढायचा सराव करा, हात आणि डोकं दोन्ही तयार होतात.

आणि आपल्या नागपूरची मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी स्केचबुक घेऊन इतवारी-महाल भागात जायचंच. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते असं सांगतात, आणि सोबत बडगे नावाचे पुतळे असतात, महागाईचा, भ्रष्टाचाराचा, त्या वर्षी लोक ज्यावर चिडलेत त्याचा. बांबू, कागद, मोठे डोळे, मोठे दात, आणि गळ्यात पाटी. व्यंगचित्र याहून चांगलं कुठे शिकायला मिळेल, पन्नास फुटांवरून, गर्दीतून, धुळीतून कळतं की राग कशावर आहे. पण काढता काढता हेही बघा की गावाबाहेर नेऊन जाळायची मोठी ईडापीडा बाईच्या रूपात आहे, काळ्या मारबतीची गोष्ट तर नागपूरच्या भोसले राजघराण्यातल्या बाकाबाईशी जोडतात. मला मारबत खूप आवडते, दरवर्षी जाते, आणि तरी हा प्रश्न मला पडतोच. म्हणून माझा एक सराव आहे, बडग्या काढायचा पण माणसाचा नाही, रिवाजाचा. 'पाळी आली की बाजूला बस' याचा बडग्या कसा दिसेल? 'मुलीला एवढं शिकवून काय करायचं' याचा? दात किती मोठे, पोट केवढं, पाटीवर काय? कोणाचं तोंड काढायचं नाही असं ठरवलं की डोकं जास्त चालवावं लागतं, आणि चित्र कोणा एकाच्या अपमानापाशी अडकत नाही.

आता एक कॉमिक पूर्ण करून दाखवते. 'गिल्टी फेमिनिस्ट'च्या सुरुवातीला त्या 'मी स्त्रीवादी आहे, पण…' असं म्हणून आपल्यातली विसंगती सांगतात. त्यावरून वहीत मी लिहिलं होतं, घरात आराम कोणाच्या वाट्याला येतो. बस एवढंच, पुढचं सगळं आपल्या नागपूरचं. मे महिना, पारा पंचेचाळीसला टेकलेला, हॉलमध्ये कूलर.

पहिला पॅनल, हॉल, कूलरसमोर सोफ्यावर सासरे, नवरा, मुलगा, तिघांचे केस हवेने मागे उडून राहिले. दुसरा, घरातली बाई अंगणात पाइप धरून कूलरची टाकी भरते आहे, पायाशी पाणी सांडलंय. तिसरा, ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटते आहे, पंखा बंद, कारण पंख्याने गॅसची ज्योत विझते. चौथा, हॉलमधून फक्त एक फुगा आत येतो, 'अगं, हवा थंडी नाही येऊन राहिली, पाणी संपलं का?' तिचा चेहरा आपल्याकडे, संवाद काही नाही.

यात मेहनत कुठे घ्यायची ते सांगते, कारण नवीन मुली सगळी ताकद चौथ्या पॅनलमधल्या चेहऱ्यावर लावतात. खरं काम दुसऱ्या-तिसऱ्यात आहे. कूलरची ताटी नीट काढा, तिच्यातलं गवत एका बाजूने काळं पडलेलं, पंपाची वायर खिडकीतून आत गेलेली, स्टँडखाली वीट सरकवलेली. तिसऱ्या पॅनलमध्ये हवेच्या रेषा दारापाशी येऊन संपल्या पाहिजेत, अगदी उंबरठ्यावर, आत एकही रेषा नको. ती एक गोष्ट बरोबर जमली की वाचणारीला फुग्याच्या आधीच कळतं आणि चौथ्या पॅनलला ती स्वतःच्या घरातलं आठवून हसते. तिला रडकी काढू नका, रागाने लालही नको, सरळ आपल्याकडे बघू द्या. आणि नवऱ्याला राक्षस करू नका, तो चांगलाच माणूस असू द्या, त्याला फक्त दिसत नाही, हे जास्त खरं आहे.

आकडे वापरायचे असतील तर ते पण चित्रात आणा, खाली ओळ लिहून सोडू नका. सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ जातो, ते करणाऱ्या पुरुषांचा 88. एका मिनिटाला एक मिलीमीटर धरा. ए-फोर कागद आडवा 297 मिलीमीटरचा असतो, म्हणजे तिची पट्टी जवळजवळ अख्खा कागद खाते, दोन्ही कडांना चार-चार मिलीमीटर उरतात, आणि खाली त्याची पट्टी कागदाच्या एक तृतीयांशही होत नाही. त्या पट्ट्यांच्या आत छोटी छोटी कामं भरत जा, भांडी, डबे, कपडे वाळत घालणं, म्हाताऱ्यांची पथ्याची भाजी. प्रिंट काढायची असेल तर कागद ए-थ्री घ्या, कारण प्रिंटर कडेचे चार-पाच मिलीमीटर छापत नाही आणि तिची पट्टी कापली जाईल.

अक्षरांचं थोडक्यात. आधी मजकूर लिहा, मग त्याभोवती फुगा काढा, उलटं केलं की मात्रा आणि उकार फुग्याला टेकतात. दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा. हाताने लिहीत असाल तर शिरोरेषा शेवटी ओढा. कॉम्प्युटरवर मुक्त आणि बालू हे 'एक टाइप' या संस्थेचे फुकट फाँट छान चालतात, जुन्या फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं तुटत असतील तर सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा. आणि पात्रांना पुस्तकी बोलायला लावू नका हो, 'काहून', 'करून राहिली', 'जाऊन राहिलो' हे फुग्यात तसंच येऊ द्या.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकीला आवर्जून सांगते, तुमच्या चित्रातली बाई कोण आहे ते तपासा. धरमपेठेतली नोकरीवाली एकटीच सगळ्या कॉमिक्समध्ये दिसत असेल तर तिच्या घरी भांडी घासायला येणारी कुठे गेली? ती मागे कोपऱ्यात पाठमोरी काढली असेल तर तिला पुढे आणा, तिच्या बाजूने तोच प्रसंग परत काढा, बऱ्याचदा दुसरं चित्र पहिल्यापेक्षा भारी होतं. आपल्या शहरात 20 जुलै 1942 ला सुलोचनाबाई डोंगरेंच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली होती, घटस्फोटाच्या हक्कापासून कामगार बायकांच्या रजेपर्यंतचे ठराव त्यात झाले. म्हणजे इथल्या स्त्रीवादाला कामावर जाणारी, हाताला घट्टे पडलेली बाई आधीपासून माहीत आहे. मग ती चित्रात नसेल तर काढणारीने स्वतःला विचारायला हवं. फक्त तिच्या भाषेवर, तिच्या साडीवर हसू येईल असं काही नको, दिशेचा नियम इथे सगळ्यात जास्त लागतो.

छापायचं म्हणाल तर झाइनपासून, म्हणजे घरी बनवलेल्या छोट्या पुस्तिकेपासून सुरू करा. ए-फोरच्या एकाच बाजूला आठ पानं बसवायची, कागद आठ भागांत दुमडायचा, लांबीकडून मधोमध जाणाऱ्या घडीचे फक्त मधले दोन भाग कात्रीने कापायचे, आणि खिशात मावेल एवढं पुस्तक तयार होतं. सीताबर्डीत कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे होतं, एका झेरॉक्सच्या पैशात एक पुस्तक, म्हणून पहिल्यांदा ब्लॅक अँड व्हाइटच काढा. फोनवर टाकायचं असेल तर 1080 बाय 1350 पिक्सेल, एका स्लाइडवर एकच पॅनल, अक्षर एवढं मोठं की चष्मा न लावता काकूला वाचता यावं. खाली वाकड्या कमेंट येतील, विशेषतः कूलरसारख्या घरगुती गोष्टीवर जास्त येतात. चित्रावर खरंच काही बोलणाऱ्याला उत्तर द्या, शिव्या देणाऱ्याला सरळ ब्लॉक करा आणि धमकी असेल तर डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट ठेवा.

आणि ज्या बाईच्या बोलण्यातून तुम्हाला प्रसंग मिळाला, आई असो, शेजारची काकू असो, कामावरची मावशी असो, तिला छापायच्या आधी दाखवा. ती म्हणाली हे नको, तर नको. ती म्हणाली असं नव्हतं, असं झालं होतं, तर तिने सांगितलं तसं परत काढा.