कम्युनिटी कॉलेजमधलं अप्लाइड फिजिक्स : या चुका टाळा

कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजच्या) ट्यूटरिंग सेंटरमध्ये मी आठवड्यातून दोन संध्याकाळी फिजिक्स शिकवते. शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली मुलं येतात, दिवसभर एसी दुरुस्त करून रात्री वर्गात बसणारे तंत्रज्ञ येतात, आणि अधूनमधून नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेली, दहा वर्षांनी पुन्हा वही उघडणारी एखादी मराठी मैत्रीणही येते. बारावीला चांगले मार्क असूनही पहिल्याच क्विझला गाडी का अडली, हे तिला कळत नाही. सूत्रं तिला पाठ असतात. आलेलं उत्तर खऱ्या जगात बसतं का, हे पाहायची सवय मात्र कुणी लावलेली नसते. या कोर्सचा सगळा भर त्याच सवयीवर आहे.

नाव नोंदवण्याआधीची चूक

‘फिजिक्स’ नावाचे इथे तीन वेगवेगळे कोर्स असू शकतात: तंत्रज्ञांसाठीचं अप्लाइड फिजिक्स, बीजगणितावर आधारलेलं आणि कॅल्क्युलसवर आधारलेलं. पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला जायचं असेल तर तिथे कॅल्क्युलसवालाच मागतात. कॅलिफोर्नियात कुठला कोर्स कुठे धरला जातो हे ‘असिस्ट’ या अधिकृत वेबसाइटवर दिसतं. ते पाहून, काउन्सेलरशी बोलूनच पैसे भरा. शिवाय चार युनिटचा (युनिट म्हणजे इथलं क्रेडिट) कोर्स म्हणजे वर्ग, लॅब आणि घरचा अभ्यास मिळून आठवड्याला साधारण १२ तास जातात. नोकरी आणि घर सांभाळून तेवढे निघत नसतील तर हे पहिल्या आठवड्यातच ओळखा. नोंद न राहता कोर्स सोडायची मुदत लवकर संपते, नंतर ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, ‘डब्ल्यू’ (विथड्रॉ, कोर्स सोडल्याची खूण) लागतो.

पौंड, किलो आणि स्लग

आपण किलो-मीटरमध्ये वाढलो, आणि इथल्या वर्कशॉपमध्ये सगळं पौंड-फुटांत चालतं. गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण अप्लाइड फिजिक्सच्या गणितात पौंड हे बहुतेक वेळा वजन असतं, म्हणजे बल. वस्तुमान हवं असेल तर त्याला ३२.२ ने (फुटांतलं गुरुत्व त्वरण) भागायचं. त्या एककाचं नाव स्लग.

समजा, घर्षण नसलेल्या फरशीवर ६४.४ पौंडांची पेटी आहे. तिला ५ फूट प्रति सेकंद वर्ग इतकं त्वरण द्यायला किती बल लागेल? माझ्यासमोरचे निम्मे विद्यार्थी ६४.४ ला ५ ने गुणतात आणि ३२२ पौंड लिहून पुढे जातात. तिथेच थांबायला हवं. ही पेटी सरळ वर उचलून धरायला ६४.४ पौंड पुरतात, मग गुळगुळीत फरशीवर ढकलायला त्याच्या पाचपट बल कसं लागेल? वस्तुमान २ स्लग, म्हणून उत्तर १० पौंड.

ही चूक फक्त नवख्यांची नाही. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाशी पोहोचताना नष्ट झालं. एका सॉफ्टवेअरने आवेग (बल गुणिले वेळ) पौंड-सेकंदांत दिला होता आणि पुढच्याने तो न्यूटन-सेकंद समजून वापरला. फरक जवळपास ४.४५ पटींचा होता.

कॅल्क्युलेटरचंही तसंच. साइन ३० चं उत्तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ आलं तर तो अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) आहे. परीक्षेला बसल्या बसल्या हे एकदा दाबून बघा.

आकृतीत नसलेली बलं

उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्यावर मुलं हमखास एक बाण काढतात आणि म्हणतात, हे गतीचं बल. मी प्रत्येक बाणाला एकच प्रश्न विचारते: हे बल कोण लावतंय? पृथ्वी, फरशी, दोरी, हात, यांपैकी कुणाचंही नाव घेता आलं नाही तर बाण खोडायचा. आणि उतारावर लंब प्रतिक्रिया, म्हणजे पृष्ठभाग ठोकळ्याला काटकोनात देतो तो रेटा, वजनाइतकी नसते. ६०° च्या उतारावर ती निम्मीच उरते. घर्षणाचं उत्तर दुप्पट येतं ते ती वजनाइतकीच धरल्यामुळे.

लंबक जेव्हा ‘चुकीचा’ येतो

हा माझा सर्वांत आवडता प्रयोग, कारण इथे चूक आपला ठसा सोडून जाते. एक मीटरचा लंबक, २० आंदोलनांचा वेळ, त्यावरून गुरुत्व त्वरण काढायचं. उत्तर ९.८ च्या जवळ हवं.

१०.८ किंवा १०.९ आलं? मग तुम्ही गोळी सोडताना ‘एक’ म्हणालात. ‘वीस’ म्हणेपर्यंत १९ च आंदोलनं झाली आणि भागलंत मात्र २० ने. सोडताना ‘शून्य’ म्हणा. ९.६ आलं तर लांबी पुन्हा मोजा: टेप फक्त दोऱ्याला लावलीत, हूक आणि गोळीची त्रिज्या मिळून २ सेंटिमीटर राहून गेले. लांबी गोळीच्या मध्यापर्यंत धरायची असते. ९.५ च्या आसपास असेल तर गोळी बहुधा ३०° पर्यंत ओढून सोडली होती. नेहमीचं सूत्र लहान कोनापुरतंच बरोबर आहे. आणि उत्तर दर वेळी वेगळंच येत असेल तर एकेकच आंदोलन मोजलं जातंय. स्टॉपवॉच दाबायला ०.२ सेकंद उशीर झाला तर २ सेकंदांत तो १० टक्के असतो, ४० सेकंदांत अर्धा टक्का.

म्हणूनच रिपोर्टमध्ये ‘मानवी चुकीमुळे फरक पडला’ असं लिहू नका, त्याला गुण मिळत नाहीत. कुठली चूक, तिने उत्तर वाढवलं की घटवलं, आणि किती, हे लिहा. मिलिमीटरच्या पट्टीने मोजून उत्तर ९.७८४३२६१ असंही लिहू नका. तेवढं त्या पट्टीला दिसतच नाही.

लॅबमधल्या मल्टिमीटरबद्दल (करंट, व्होल्टेज मोजायचं यंत्र) एकच सांगते. करंट मोजून झाला की लाल वायर लगेच व्होल्टेजच्या भोकात परत लावा. ती तशीच ठेवून मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावला की शॉर्ट होऊन आतला फ्यूज उडतो. तुम्हालाच करंट शून्य दिसत असेल तर सर्किट उसकटण्याआधी फ्यूज तपासा.

ऑफिस अवर्सना न जाणं

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं. सरांना कसं विचारायचं, त्यांना वाटेल एवढंही येत नाही, या संकोचात सहा आठवडे निघून जातात. ऑफिस अवर्स म्हणजे सरांना भेटून शंका विचारायची वेळ; इथे ती विद्यार्थ्यांसाठीच राखलेली असते आणि सिलॅबसच्या सुरुवातीलाच छापलेली असते. जाताना ‘मला काहीच कळत नाही’ एवढंच घेऊन जाऊ नका. अर्धवट सोडवलेलं गणित न्या आणि ज्या ओळीनंतर हात थांबला, त्या ओळीवर बोट ठेवा.