जुन्या बास्केटबॉलपटूचं चरित्र कसं लिहावं

मी शाळेत बास्केटबॉल शिकवतो आणि मुलांकडून जुन्या खेळाडूंची चरित्रं लिहून घेतो. ज्यांचे सामने आज बघायला मिळत नाहीत अशांवर लिहायचं तर कसं, हे सांगायला मी फिलिपिन्सचा कार्लोस लॉयझागा घेतो. त्याला तिकडे कालॉय म्हणत. माझ्या मते आशियात त्याच्या तोडीचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा, सहसा संघातला सर्वांत उंच खेळाडू, क्वचितच झाला.

‘महान’, ‘अफाट’ हे शब्द आधी बाजूला ठेवा. वहीचं पान आडवं धरून रकाने आखा: वर्ष, गाव, स्पर्धा, संघाचा क्रमांक, आणि तेव्हा तो खेळाडू होता की प्रशिक्षक. मग भरत जा. १९५१ दिल्ली, १९५४ मनिला, १९५८ टोकियो, १९६२ जकार्ता: चारही आशियाई स्पर्धांत सुवर्ण. ऑलिंपिकमध्ये १९५२ ला हेलसिंकीत नववा क्रमांक, १९५६ ला मेलबर्नमध्ये सातवा. पान भरलं की कारकीर्द आपोआप समोर उभी राहते. दिल्लीच्या त्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताचा संघही होता, तेव्हा ग्रंथालयात मार्च १९५१ चे मराठी दैनिकांचे अंक जरूर चाळा.

पुढचं काम नावांचं. लॉयझागा आडनावाचे आणखीही खेळाडू सापडतील. त्याची चितो आणि जोई ही मुलंही व्यावसायिक बास्केटबॉल खेळली. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी साल असलंच पाहिजे. साल नसेल तर तो आकडा वापरू नका.

आता १९५४ चं रिओ, आणि इथे घाई करू नका. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत अमेरिका पहिली, ब्राझील दुसरा, फिलिपिन्स तिसरा. लॉयझागाची सरासरी सामन्यामागे १६.४ गुण, आणि स्पर्धेतल्या सर्वोत्तम पाच जणांत त्याची निवड. आजच्या मुलाला सोळा गुण किरकोळ वाटतात. त्यासाठी त्या काळचे नियम शेजारी मांडा. तीन गुणांची रेषा, म्हणजे जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात ती, आंतरराष्ट्रीय नियमांत १९८४ साली आली, ठरावीक सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकण्याची सक्ती १९५६ साली. रिओत फिलिपिन्सने उरुग्वेला हरवलं ते ६७-६३ असं. संघाचे गुणच जिथे साठ-सत्तर, तिथे एकट्याचे सोळा म्हणजे जवळपास चौथा हिस्सा! शिवाय त्याची उंची सुमारे सहा फूट तीन इंच. युरोप-अमेरिकेच्या सेंटरपुढे ती काही फार नव्हे. हे सगळं लिहिल्यावर त्याचं ‘द बिग डिफरन्स’ हे टोपणनाव द्या, म्हणजे ते पटतं.

देशासाठीचे सामने झाले की घरच्या मैदानाकडे वळा. कॉलेजात तो सान बेडाकडून खेळला, पुढे यको पेंटर्सकडून. रंग बनवणाऱ्या कंपनीच्या या संघाने ओळीने ४९ सामने जिंकले. आपल्याकडे बँका आणि रेल्वेचे संघ खेळाडूंना नोकरी देऊन सांभाळतात, तसंच तिथे कंपन्यांचं होतं. हे एका वाक्यात सांगितलं तरी मराठी वाचकाला चित्र कळतं.

प्रशिक्षक म्हणून त्याचं काम वेगळ्या परिच्छेदात लिहा. त्याच्या हाताखाली फिलिपिन्सने १९६७ साली सोलमध्ये, यजमान दक्षिण कोरियाच्या घरात, आशियाई अजिंक्यपद पटकावलं. पुढच्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये संघ तेरावा आला. तेरावा क्रमांकही लिहायचा. मुलं तो गाळतात, मी परत लिहायला लावतो, कारण आशियात जिंकणं आणि जगाशी झुंजणं यांतलं अंतर त्या एका वर्षाच्या फरकात दिसतं.

तारखा शेवटी एकदा पडताळा. जन्म २९ ऑगस्ट १९३०, निधन २७ जानेवारी २०१६. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव २०२३ साली गेलं, तेव्हा त्या ओळीत ‘मरणोत्तर’ हा शब्द हवाच.