इंग्लंडच्या गादीवर हक्क कुणाचा, हे वहीत कसं काढायचं

आपण कोल्हापूरची माणसं, गादी, वारस, दत्तक हे शब्द आपल्याला घरचेच. ताराराणींनी लेकाला गादीवर बसवलं, १७१४ ला राजसबाईंनी त्याला काढून आपला संभाजी बसवला, हे लहानपणापासनं ऐकलेलं असतं. तरी मध्ययुगीन इंग्लंड वाचताना गोंधळ होतो, कारण आपण आधी वंशावळ काढायला बसतो.

आधी साल लिहा. नियमच बदलत गेलेत, थोरल्याला गादी हे सुरुवातीला पक्कं नव्हतंच. १०८७ ला इंग्लंड जिंकून घेतलेला राजा विल्यम गेला तेव्हा थोरल्या रॉबर्टला नॉर्मंडी मिळाली आणि इंग्लंड मिळालं धाकट्या भावाला, विल्यम रूफसला.

मग लिहा, राजा मेला तेव्हा कोण कुठं होतं. हा रकाना लोक सोडून देतात आणि माझ्या मते निम्मं उत्तर यातच असतंय. रूफस २ ऑगस्ट ११०० ला शिकारीत बाण लागून मेला, रॉबर्ट क्रूसेडवरनं, म्हणजे धर्मयुद्धावरनं, अजून घरी पोचला नव्हता, सगळ्यात धाकटा हेन्री तिथंच होता, त्यानं विंचेस्टरचा खजिना धरला आणि ५ तारखेला वेस्टमिन्स्टरला अभिषेक करून घेतला पण. एकदा पवित्र तेल लागलं की मग त्याला उठवणं लई अवघड.

तिसरा रकाना बाईचा. बाई स्वतः राज्य करणार म्हटलं की सरदार अडायचे, पण बाईकडनं आलेला हक्क पुरुषाला चालायचा. हेन्रीची मुलगी मटिल्डा, तिच्यासाठी सरदारांनी शपथा घेतल्या होत्या, तरी ११३५ ला हेन्रीचा भाचा स्टीफन बसला आणि त्याचा हक्क तरी कुठला, आईकडनंच आलेला! आपल्याकडं राणी दत्तक घेऊन प्रश्न मिटवायची, १८८४ ला कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव तसेच शाहू महाराज झाले. तिकडं ती वाट नव्हती. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे ११५३ चा तह, स्टीफननं स्वतःचा मुलगा बाजूला ठेवून मटिल्डाच्या मुलाला वारस मानलं.

आता वंशावळ. चौदाव्या शतकातला राजा तिसरा एडवर्ड, त्याची मुलं जन्माच्या क्रमानं मांडा: एडवर्ड, लायोनेल, जॉन ऑफ गाँट, एडमंड, थॉमस. पुढं गादीसाठी भांडली ती दोन घराणी याच मुलांची, लँकेस्टर आणि यॉर्क. लँकेस्टरवाले गाँटचे. यॉर्कवाले बापाकडनं एडमंडचे, म्हणजे मागचे, पण आईकडनं लायोनेलचे, म्हणजे पुढचे. १४६० ला ड्यूक ऑफ यॉर्कनं पार्लमेंटसमोर हेच मांडलं. पण लँकेस्टर १३९९ पासनं गादीवर, अभिषेक झालेले, त्यामुळं तोड अशी निघाली की गादीवरच्या लँकेस्टरच्या सहाव्या हेन्रीनं जिवंत असेपर्यंत राज्य करायचं आणि नंतर यॉर्कनं. हेन्रीच्या पोराचा हक्क गेला, त्याची आई मार्गारेट गप्प बसणार थोडीच, लढाई पेटलीच.

सरावाला १४८५ घ्या. तेव्हा हेन्री ट्यूडरनं तिसऱ्या रिचर्डला बॉसवर्थला हरवून गादी घेतली. त्याची आई बोफर्ट घराण्यातली, म्हणजे गाँटच्याच वंशातली, आणि त्या घराण्याला १४०७ च्या कागदात राजपद सोडून बाकी सगळं दिलेलं. बॉसवर्थची लढाई २२ ऑगस्टची, हेन्रीनं मात्र आपलं राज्य २१ पासनं मोजलं, म्हणजे रिचर्डकडनं लढलेले आपोआप राजद्रोही. साल आणि जागेच्या रकान्यात हे आधी लिहा, मगच रेघा ओढा.