पहिलं एअर पिस्तूल घेताना: आधी मूठ बघा, मग नळी

2024 साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरने नेमबाजीत दोन कांस्यपदकं घेतली, तेव्हापासून आमच्या दारव्हा-दिग्रस भागातले आईबाप मुलीला घेऊन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, याचा मार किती?" दुसरा प्रश्न, "कोणत्या कंपनीचं घेऊ?" हे दोन्ही प्रश्न मोबाइलवरच्या व्हिडिओंनी त्यांच्या डोक्यात घातलेले असतात. दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडायचं आहे. छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास गेला की काम झालं. वेगाचे मोठमोठे आकडे दाखवून विकलं जाणारं पिस्तूल बहुतेक वेळा स्पर्धेचं नसतंच.

घेण्याआधी दोन-तीन महिने दुसऱ्याच्या पिस्तुलावर सराव करा. एवढं न करता पैसे काढू नका.

परवान्याचा गोंधळ लगेच मिटवते. 4.5 मिलिमीटर, म्हणजे .177 इंच छिद्राच्या आणि 20 जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला आपल्याकडे शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेची पिस्तुलं या मर्यादेच्या बरीच खाली असतात. .22चं पिस्तूल हा वेगळा विषय आहे, त्याला परवाना लागतो. पहिलं पिस्तूल हवेचंच घ्यावं.

प्रकार निवडताना फार डोकं खपवू नका. एका दट्ट्यात हवा भरणारी पिस्तुलं स्वस्त आणि टिकाऊ असतात, पण स्पर्धेत साठ गोळ्या मारायच्या असतात. साठ वेळा दांडा ओढायचा म्हणजे साठ वेळा हात मुठीतून निघतो, आणि खांदाही भरून येतो. झेपत असेल तर 200 बार दाबाने हवा भरलेल्या सिलिंडरचं घ्या. आपल्या गावात कंप्रेसर नसला तरी हातपंपाने सिलिंडर भरता येतो. ट्रिगर मात्र साधा, यांत्रिक. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर सुरेख असतो, पण 2021 साली टोकियोत मनूच्याच पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला होता. तिच्या पाठीशी अख्खा संघ होता. आपल्याला बाळेगावात किंवा बोरीत कोण दुरुस्त करून देणार?

आता मुठीचं सांगते. माझी दोन वर्षं इथेच गेली.

माझं पहिलं पिस्तूल मी वापरलेलं घेतलं, कारण ते स्वस्तात मिळत होतं. त्याची मूठ मोठ्या मापाची होती, पुरुषाच्या हाताची. माझा हात लहान. विकणाऱ्याने सांगितलं, "सवय होते." ही सवय कधीच होत नाही. माझ्या गोळ्या सारख्या डावीकडे जात होत्या. नेम धरायला नळीच्या पुढच्या टोकाला एक खुंटी असते आणि मागे एक खाच, त्या पुढची आणि मागची साइट. मी मागची साइट फिरवत राहिले. एक दिवस बरं जायचं, दुसऱ्या दिवशी गोळ्या पुन्हा डावीकडे. मला वाटायचं माझंच मन थाऱ्यावर नाही, म्हणून मी सराव वाढवला आणि चूक आणखी पक्की केली.

शेवटी ती मूठ घासून घ्यायला मी गावातल्या सुतारभाऊंकडे नेली. त्यांनी जन्मात पिस्तूल हातात धरलं नव्हतं. डवऱ्याची, कुऱ्हाडीची कामं करणारा माणूस. त्यांनी माझा हात मुठीवर ठेवून पाहिला आणि म्हणाले, "बाई, दांडा हाताले बसवा लागते. हात दांड्याले कोणी बसवते का?" माझं बोट ट्रिगरपर्यंत जेमतेम टोकाने पोचत होतं. टोकाने दाबलं की बोट ट्रिगर सरळ मागे ओढत नाही, बाजूला ढकलतं. उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी मग डावीकडे जाते.

हे ढकलणं डोळ्याला दिसत नाही, पण हिशेब करून बघा. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण 33 सेंटिमीटर अंतर असतं. पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर गोळी सुमारे 30 मिलिमीटर सरकते. दहा गुणांचं वर्तुळ फक्त 11.5 मिलिमीटर व्यासाचं आहे. म्हणजे एका मिलिमीटरच्या चुकीने दहाची गोळी सातावर. नळी कितीही महाग असो, ही चूक ती भरून काढत नाही.

म्हणून दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी जाल तेव्हा हे करा. पिस्तूल रिकामं आहे हे छर्रा भरायची जागा उघडून स्वतः बघा. मूठ धरा, मधलं बोट ट्रिगर गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीच्या, खाली घट्ट टेकलं पाहिजे. ट्रिगरवर बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग यायला हवा. टोक नको, सांधाही नको. आणि ट्रिगरचं बोट लाकडाला कुठेही चिकटता कामा नये, मधून उजेड दिसला पाहिजे. पेरणीत चाड्यावर मूठ धरणारी बाई आठवा. मनगट एका जागी, दाणे सोडतात ती फक्त बोटं. इथे तर एकच बोट हलायचं आहे.

मग भिंतीकडे तोंड करून उभे राहा. डोळे मिटा, हात उचला, मनगट मोकळं सोडा, डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेच्या बरोबर मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड आणि वरची कड समपातळीत दिसली पाहिजे. हे दहा वेळा करा. सात-आठ वेळा साइट जागेवर येत नसेल तर मूठ तुमची नाही. इथे एक गफलत नेहमी होते. दोन्ही साइट एकमेकींशी जुळलेल्या आहेत पण सगळं पिस्तूलच निशाणाच्या डावी-उजवीकडे जातंय, तर तो पायांचा प्रश्न आहे. मागचा पाय थोडा सरकवा. पुढची साइट खाचेतच एका बाजूला पळत असेल, तर तो मुठीचा. पायाचा दोष मुठीवर आणि मुठीचा पायावर ढकलून लोक महिने घालवतात.

मूठ एका मापाने मोठी असेल तर घेऊ नका, किंवा लहान मुठीची किंमत धरून सौदा करा. मूठ बदलता येते. योग्य मापाची मूठही थोडी घासावी लागतेच. तळहाताला खडूची पूड चोळा, पिस्तूल धरा, सोडा. पांढरं जिथे जास्त उठलं तिथे लाकूड टोचतंय. कानशीचे चार हात मारा आणि थांबा. दोनशे-तीनशे गोळ्या मारल्याशिवाय पुढचे चार हात मारू नका. मी एका दुपारी उत्साहाने घासून मूठ ढिली करून बसले होते. मग लाकूड भरायच्या पुट्टीने पोकळी भरावी लागली. आतून पुट्टी भरायला हरकत नाही. बाहेरून थापू नका, कारण स्पर्धेच्या तपासणीत पिस्तूल 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या पेटीत बसलंच पाहिजे. मुठीच्या तळाशी हात टेकायला सरकती फळी असते, तिला वर वळणारी कड केली तरी पिस्तूल बाद होतं. मूठ मनगटाला वेढता कामा नये.

ती सरकती फळी घट्ट आवळायची नाही, हे मी प्रत्येक मुलीला वेगळं सांगते. आवळली की पहिल्या दहा गोळ्या मस्त जातात, मग हाताला मुंग्या येतात आणि साइट थरथरते. स्पर्धेला 75 मिनिटं असतात. हात जोर न लावता आत गेला पाहिजे आणि तसाच बाहेर आला पाहिजे. मुठीवर गुळगुळीत पॉलिशही नको. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या घामात हात सटकतो. खरखरीत लाकूडच बरं.

वजन: नियमाने 1500 ग्रॅमपर्यंत चालतं, पण "जड पिस्तूल स्थिर राहतं" हा सल्ला सातवी-आठवीच्या मुलीला देणाऱ्याने स्वतः ते एका हातात साठ वेळा उचलून दाखवावं. तिच्यासाठी छोट्या नळीचं, हलकं घ्या. वजन नंतर वाढवता येतं.

ट्रिगर 500 ग्रॅमपेक्षा कमी ओढीला सुटत असेल तर चालत नाही. वजन टांगून तपासा, विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नका. दुर्बीण, लाल ठिपका, लेझर यातलं काहीही स्पर्धेत चालत नाही, त्यावर रुपया घालवू नका. छर्रे सपाट तोंडाचे घ्या, आणि सराव झाला की भाकरीला हात लावण्याआधी साबणाने धुवा. ते शिशाचे असतात.

वापरलेलं घेत असाल तर सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. सिलिंडरचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरलेलं असतं, आणि मुदत संपलेला सिलिंडर वापरायचा नसतो. जबाबदारी नेमबाजाची असते, विकणाऱ्याची नव्हे. तारीख संपत आली असेल तर नव्या सिलिंडरचे पैसे किमतीतून वजा करा. पिस्तूल पूर्ण भरून घ्या, दाब लिहून ठेवा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी पुन्हा बघा. काटा खाली आला असेल तर हवा गळतेय. याला विकणारा तयार नसेल तर घरी परत या.

आणि ते घेऊन मे महिन्यात यवतमाळहून येत असाल तर भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवून रसवंतीवर बसू नका. बाहेर 45 अंश असताना गाडीत त्याहून कितीतरी जास्त होतं आणि आतला दाब चढतो. पिशवी खांद्याला अडकवून सोबतच न्या.